ओट्याखालची पट्टी

घोडक्यांनी जेवायच्या टेबलावर चार तुकडे मांडले आणि आमच्या ह्यांनी त्यातला सगळ्यात चकचकीत होता तो उचलला. तिथंच मला कळलं की आता काही खरं नाही.

घोडके म्हणजे कोल्हापूरच्या शोरूमचे डिझायनर. नव्या स्वयंपाकघराचं बाकी सगळं ठरून गेलं होतं, ट्रॉल्या, वरची कपाटं, ओट्याचा काळा ग्रॅनाइट. राहिली होती फक्त खालची पट्टी. ट्रॉल्या जमिनीपासून चार-पाच इंच वर पायांवर उभ्या असतात. त्यांच्या खालची पोकळी दिसू नये म्हणून पुढून जी आडवी पट्टी लावतात, ती. पाय ओट्याशी लागतात ना आपले, तिथली. एवढ्याशा गोष्टीसाठी घरात रामायण होईल असं कुणाला वाटलंही नसतं.

चार तुकड्यांत एक कडप्पा होता, एक ॲल्युमिनियम, एक मरीन प्लाय आणि एक भुशाची दाबून केलेली पाटी. त्या पाटीवर मरून रंगाचा कागद असा तुळतुळीत बसवलेला की त्यात बघून कुंकू लावून घ्यावं. ह्यांच्या हातात तीच.

आक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, खुर्चीवर पाय वर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी तो तुकडा मागून घेतला, उलटा केला, नखानं कड खरवडून बघितली. भुसा नखात आला. मग त्यांनी घोडक्यांना विचारलं, हिच्यावर पाणी पडलं तर काय होईल.

घोडके सरळ माणूस. म्हणाले, आजी, फुगेल. ओल्या फडक्यानं पुसायचं असलं तर चालेल, पण पाणी ओतून धुवायचं असलं तर दगडच घ्या. कडप्पा खाली सिमेंटात बसवला आणि वरच्या सांधीत सिलिकॉन भरलं की आत मुंगी जायची नाही.

"आमच्यात पुसतातच," हे म्हणाले. "ओतत नाही कुणी."

मी आणि आक्कांनी एकमेकींकडं बघितलं. आमच्या घरात अष्टमी आणि चतुर्दशीला स्वयंपाकघर बादल्यांनी धुतलं जातं. पाणी गाळून घ्यायचं, फरशीवर ओतायचं, खराट्यानं लोटायचं. आक्का ह्या घरात आल्या तेव्हापासून हे चालू आहे, मी आल्यावर खराटा माझ्या हातात आला. आणि हा बाबा त्याच घरात जन्मला, त्याच फरशीवर रांगला, आणि परक्या माणसाला ठणकावून सांगतोय की ओतत नाही कुणी. सकाळी आठला सूतगिरणीत जायचं, संध्याकाळी ताट पुढ्यात आलं की जेवायचं. जमीन कशी स्वच्छ होते हे ठाऊक असायला कधी वाकावं तर लागतं. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय.

मी तसं बोलून दाखवलं. ह्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. घोडक्यांच्या देखत बायको बोलली ना.

आक्का मात्र शांतपणे बोलल्या. आमच्या आक्का शिकलेल्या नव्हत्या, पण बस्तीत, म्हणजे आमच्या जैन देवळात, शास्त्र ऐकून ऐकून त्यांचं एक पक्कं झालेलं होतं. "भरतेश, ओल धरली की तिथं जीव होतात. झाले की तुला किळस येणार, मग तू मारणार. त्यापेक्षा होऊच द्यायचे न्हाईत. दगड लाव."

"बरं आक्का, दगड," हे म्हणाले.

आणि मी वेडी, माझा विश्वास बसला. आम्ही दोघी माझ्या भाचीच्या लग्नाला उदगावला गेलो आणि परत येऊन बघतोय तर ओट्याखाली मरून पट्टी लागलेली. ह्यांचं म्हणणं, ट्रॉल्यांच्या रंगाशी काळ्या दगडाचा मेळ बसत नव्हता. बघायला येणारी माणसं काय म्हणतील. मी म्हटलं, बघायला येणारी माणसं धुवायला येणार आहेत का.  आक्कांनी पट्टीवरून एकदा हात फिरवला आणि हातपाय धुवायला गेल्या.

आता आक्कांच्या एका गोष्टीबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्यात दिगंबर मुनिमहाराज दिवसातून एकदाच आहार घेतात, तोही उभ्यानं, हाताच्या ओंजळीत. कुणाच्या घरी घ्यायचा हे आधी सांगत नाहीत. मनात एक खूण ठरवून निघतात. दारात अमुक उभे असतील, त्यांच्या हातात अमुक असेल, तरच थांबायचं. म्हणून महाराज गावात आले की ज्याची इच्छा असेल तो घरात शुद्ध स्वयंपाक मांडून, चौका म्हणतो आम्ही त्याला, शुद्ध वस्त्र नेसून, कलश आणि नारळ घेऊन दारात उभा राहतो. महाराज थांबले तर भाग्य. आक्का सासरे गेल्यापासून उभ्या राहत आल्या होत्या आणि एकदाही त्यांच्यापाशी कुणी थांबलं नव्हतं. आहार आपल्या हातून घडेपर्यंत गोड खायचं नाही असा नियम त्यांनी घेतला होता. नातवाच्या बारशाचा पेढासुद्धा त्यांनी कपाळाला लावून मला दिला होता. मरायच्या आधी एकदा महाराजांच्या ओंजळीत घास ठेवायचा, बाईची एवढीच इच्छा. बाकी तिनं आयुष्यात कुणाकडं काही मागितलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात महाराजांचा संघ चातुर्मासासाठी आमच्या गावात आला आणि तोवर पट्टीची पार दशा झाली होती. आधी खालची कड फुगली. मग मरून कागद सुटून वर वळला. आतला भुसा भिजून लापशी झाला होता. एका बाजूनं वाळवीनं मातीची रेघ धरली, दुसऱ्या बाजूनं झुरळं. दिवा लावला की सरसर पट्टीमागं पळायची. वरून कीर्तन आतून तमाशा म्हणतात तो आमच्या ओट्याखाली चालला होता.

आक्का रोज दुपारी पट्टीपाशी फतकल मारून बसायच्या. हातात मऊ कुंचा आणि जुनी वही फाडून केलेला कागद. एखादं झुरळ बाहेर आलं की कुंच्यानं अलगद कागदावर घ्यायचं आणि घरामागच्या परड्यात नेऊन सोडायचं. मी म्हणायची, आक्का, एक सोडता तोवर दहा होतात. त्या म्हणायच्या, मग दहा सोडू. ह्यांना रोज सांगायच्या, पट्टी काढ, आतलं हळूहळू मोकळं होऊ दे, मग दगड बसव. हे रोज म्हणायचे, बघू. देवळाच्या कमिटीत ह्यांना नुकतंच घेतलेलं. आपल्या नव्या स्वयंपाकघरात महाराजांचा आहार व्हावा ही आता ह्यांचीही इच्छा होती, पण ती वेगळ्या कारणानं. कमिटीची माणसं घर बघणार होती.

आम्ही ज्या दिवशी उभं राहायचं ठरवलं, त्याच्या आदल्या संध्याकाळी मी आणि आक्का प्रवचनाला गेलो होतो. घरी आलो तर उदबत्तीचा इतका वास की डोळे चुरचुरले. हे म्हणाले, उद्यासाठी घर जरा प्रसन्न केलं. आक्कांना केवढं बरं वाटलं. पोरगं कधी नव्हे ते वळणावर आलं म्हणून.

सकाळी विहिरीचं पाणी आणलं, गाळलं, चूल पेटवली. शेगडी त्या दिवशी नाही वापरायची. परड्याकडच्या पडवीत चूल होती, तिथं रांधून सगळं आतल्या ओट्यापाशी मांडायचं आणि तिथंच महाराजांनी उभं राहायचं असं ह्यांनीच ठरवलेलं. आक्कांनी मुगाचं वरण केलं, मी पोळ्या केल्या. आक्का नेसून, कलश घेऊन दाराकडं गेल्या. मी शेवटची भांडी आत मांडत होते.

महाराजांसाठी ओट्यापाशी मांडलेल्या पाटाच्या कडेला एक झुरळ उताणं पडलं होतं. पाय हालत होते. मला वाटलं पालथं झालंय, सरळ करावं. वाकले तर पट्टीच्या खालून आणखी एक आलं, लडबडत, आणि माझ्यासमोर उताणं झालं. त्याच्यामागं तिसरं. मी पट्टीची सुटलेली कड बोटानं ओढली. आत पांढऱ्या पावडरीची जाड रेघ आणि तिच्यात मेलेल्यांचा खच. वाळवी, मुंग्या, झुरळांची पिल्लं. काही अजून हालत होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तशीच दारात गेले. हे धोतर-उपरणं नेसून, हातात नारळ घेऊन, भांग पाडून उभे. मी जवळ जाऊन हळूच विचारलं, पट्टीमागं काय केलंत.

"करायला पाहिजे होतं ते केलं," हे ओठ न हलवता म्हणाले. "आहार चालू असताना एखादं झुरळ फिरलं असतं तर? शोभा झाली असती. आता गप उभी राहा. आक्काला कळायचं कारण नाही."

शोभा. आक्कांच्या जन्माची इच्छा ह्या माणसानं विषाच्या पुडीवर मांडून ठेवली आणि ह्याला काळजी शोभेची. आक्का आमच्यापासून चार पावलांवर होत्या, नजर रस्त्याच्या वळणावर. मी "आक्का" म्हटलं, त्यांनी मागं न बघता हातानं थांब म्हणून खूण केली. महाराज वळणावर दिसत होते.

एकटेच येत होते, आहाराला निघाले की धरतात तसा उजवा हात खांद्याशी, डाव्या हातात मोरपिसांची पिंछी. कुठं बसायचं झालं तर जागेवरचे जीव ती पिंछी फिरवून अलगद बाजूला करायचे, त्यासाठी असते ती. मगदुमांच्या दारावरून पुढं आले. राजमतीकाकूंच्या दारावरून पुढं आले. सगळी गल्ली आपापल्या दारातून "नमोस्तु, नमोस्तु, अत्र तिष्ठ", म्हणजे इथं थांबा, म्हणत होती.  महाराज आमच्या दारापाशी आले आणि थांबले.

खरंच थांबले. आक्का वाकल्या तसं कलशातलं पाणी त्यांच्या पदरावर सांडलं. आम्ही तिघांनी महाराजांना तीन प्रदक्षिणा घातल्या. आता म्हणायचं असतं, मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहारजल शुद्ध आहे, भोजनशाळेत प्रवेश करावा. घरच्या सगळ्यांनी एका आवाजात म्हणायचं. ते ऐकल्याशिवाय महाराज उंबरा ओलांडत नाहीत, आणि ऐकलं की आपल्या शब्दावर भरवसा ठेवून आत येतात. आत एखादा मेलेला जीव त्यांच्या नजरेला पडला असता तर ओंजळ सोडून द्यावी लागली असती आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याचा थेंब नाही. आणि नजरेला पडला नसता तर? तर मग ह्यांचं सगळंच साधलं असतं.

ह्यांनी खणखणीत आवाजात सुरुवात केली. मनशुद्धी म्हणाले, वचनशुद्धी म्हणाले. हा माणूस म्हणाला. आक्का रडत रडत मागून म्हणत होत्या.

मी हात जोडले आणि म्हटलं, "महाराज, आमचा चौका शुद्ध नाही. आत जीव मारलेत."

 महाराजांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, कसं ते मला सांगता येत नाही. आहाराला निघाले की ते बोलत नाहीत. त्यांनी पिंछी उचलून आम्हा तिघांना आशीर्वाद दिला आणि पुढं चालू लागले. वरच्या आळीला कुणाच्या तरी दारात खूण जुळली असं नंतर समजलं.

आक्का दारात तशाच उभ्या होत्या. मग कलश खाली ठेवला, आत गेल्या, ओट्यापुढं बसल्या आणि दोन्ही हातांनी पट्टी ओढली. भिजका भुसा तो, हातातच तुटून आला. आत काय होतं ते त्यांनी बघितलं.  त्या दिवशी त्यांनी काही खाल्लं नाही. आम्हीही नाही.

ह्यांनी मला काय काय ऐकवलं ते सांगण्यासारखं नाही. बायकोच्या तोंडाला कुलूप नाही, बायकोनं घराण्याची अब्रू वेशीला टांगली. ते सोडा, ह्यांच्याकडून मला दुसरी अपेक्षाच नव्हती. पण गल्लीतसुद्धा माझंच चुकलं. राजमतीकाकू तोंडावर म्हणाल्या, म्हातारीचं पुण्य सुनेनं दारातून परत पाठवलं, जरा दम धरला असता तर काय झालं असतं. विष घातलं कुणी आणि दम धरायचा कुणी. मी त्यांना म्हटलं, काकू, तुमच्या चौक्यात चालतं का असं, सांगा, पुढच्या वेळी महाराजांना तुमचंच दार दाखवते. तेव्हापासून त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

मला खुपत होतं ते आक्कांचं गप्प राहणं.  त्या पडवीतल्या चुलीवर स्वतःपुरतं रांधायच्या, आतल्या स्वयंपाकघरात पाऊल टाकत नव्हत्या. मी विचारलं, आक्का, माझं चुकलं का. त्या म्हणाल्या, पोळी करपायला लागली बघ. मला कळेना, त्या ह्यांच्यावर रागावल्यात का माझ्यावर.

ह्यांनी पंधरा दिवसांत तिथं ग्रॅनाइटची पट्टी बसवून घेतली. अस्सल काळी, सिमेंटात, सांधीत सिलिकॉन. येईल त्याला वाकून दाखवायचे. आता शंभर वर्षं काही होत नाही, म्हणायचे. घोडक्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं ह्यांना आता स्वतःच्या अकलेतून सुचल्यासारखं झालं होतं. मी बघत होते आणि दात खात होते.

दशलक्षण पर्व संपलं आणि क्षमावाणीचा दिवस आला. त्या दिवशी आमच्यात घरोघर जाऊन एकमेकांची क्षमा मागतात. वर्षात जाणता-अजाणता मन दुखावलं असेल तर क्षमा असावी म्हणायचं आणि समोरच्यानं ती द्यायची. कमिटीची माणसं, भावकी, सगळी आमच्या बाहेरच्या सोप्यात जमली होती. राजमतीकाकूसुद्धा आल्या होत्या. ह्यांनी संधी साधली. सगळ्यांच्या देखत आक्कांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणाले, आक्का, माझ्यामुळं तुझा आहार हुकला, मला क्षमा कर. माणसं हळहळली. दोघांनी डोळे पुसले.

आक्का म्हणाल्या, "माझी कशाला मागतोस? माझं काय गेलं? महाराज दारात थांबले, मी डोळे भरून बघितले."

ह्यांना वाटलं सुटलो. हसून माझ्याकडं बघत म्हणाले, मग काय ह्या त्रिशलाची मागू.

"ती द्यायची न्हाई, मला ठाऊक हाय," आक्का म्हणाल्या. "आणि तिनं खरं तेच सांगितलं. आत चल."

त्यांनी ह्यांच्या दंडाला धरलं आणि किती दिवसांनी त्या आतल्या स्वयंपाकघरात गेल्या. माणसं मागून दारात गोळा झाली. आक्कांनी ओट्याखालच्या काळ्या पट्टीकडं बोट केलं.

"ह्याच्यामागं जे मेले त्यांची माग. बसून माग."

कुणी हसलं नाही. आम्ही सगळे रोज तोंडानं म्हणतोच की सर्व जीवांनी मला क्षमा करावी. म्हणतो आणि पुढं जातो. हे आधी इकडं तिकडं बघत राहिले. मग कमिटीच्या माणसांसमोर, इस्त्रीच्या धोतरात, फरशीवर गुडघे टेकले आणि दगडापुढं हात जोडले. काहीतरी पुटपुटले. मला त्या क्षणी इतकं बरं वाटलं की काय सांगू. म्हटलं, झाली का शोभा.

आणि मग आक्का त्यांच्या शेजारी बसायला लागल्या. गुडघे वाकत नव्हते त्यांचे. ओट्याला धरत, कण्हत खाली बसल्या आणि त्यांनीही हात जोडले.

मी पुढं झाले. म्हटलं, आक्का, तुम्ही का, तुम्ही काय केलंत.

"माझ्या आहारासाठी मेले ते," आक्का म्हणाल्या. "मीच हौस धरली होती."

त्यांनी डोकं फरशीला टेकलं आणि किती तरी वेळ उचललं नाही. शेवटी मी आणि राजमतीकाकूंनी दोन बाजूंनी धरून त्यांना उठवलं.

आक्का त्यानंतर पाच वर्षं होत्या. गावात महाराज आले की आम्हाला तयारी करून द्यायच्या, पाणी गाळून द्यायच्या, पण स्वतः कलश घेऊन दारात परत कधी उभ्या राहिल्या नाहीत. मी किती विनवलं. म्हणायच्या, नको बाळ, माझी इच्छा फार महागात पडली. गोड न खाताच गेल्या.

ह्यांना अजून वाटतं की आहार हुकला म्हणून माझा राग आहे. एका दिवसाच्या आहारासाठी कुणी इतकी वर्षं धरून बसतं का, असं लोकांना सांगतात. स्वतःचं पाप होतं ते आईच्या माथी गेलं आणि तिनं ते मुकाट्यानं घेतलं, हे त्यांच्या डोक्यात शिरत नाही आणि मी समजावून सांगणार नाही. दर क्षमावाणीला ते माझ्यासमोर हात जोडतात. मीही जोडते, रीत आहे म्हणून. तोंडातून मात्र क्षमा केली हा शब्द अजून काढलेला नाही.